घरातला फिश टँक: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पाळलेला मासा आजारी आहे हे ओरडून सांगू शकत नाही. कुत्रा केकाटतो, मांजर रुसून बसतं, मासा मात्र कोपऱ्यात जाऊन गुपचूप मरतो. म्हणून त्याच्या वतीने विचार आपल्यालाच करावा लागतो, आणि तोही विकत घ्यायच्या आधी. इतक्या वर्षांत मित्र, शेजारी, नातेवाईक आणि त्यांची मुलं यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पहिल्यांदाच टँक घेतोय. लहानापासून सुरुवात करू का?

नको. लहान टँक सांभाळायला सोपा असतो हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. पाणी कमी असलं की घाण लवकर साठते आणि तापमान झटपट वर-खाली होतं. एक मासा मेलेला लक्षात आला नाही तर बाकीचेही जातात. पाणी जास्त असेल तर तुमची चूक थोडीफार पोटात घालतं. सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक घ्या. हिशेबाने त्यात ५६ लिटर पाणी मावतं. खडी घालून, वर थोडी जागा सोडून प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटर राहतं. पाणी, काच आणि खडी मिळून वजन ७० किलोच्या पुढे जातं, त्यामुळे टीव्हीच्या शोकेसवर तो ठेवू नका. भक्कम स्टँड घ्या, खाली थर्माकोलची शीट टाका आणि जागा अशी निवडा की खिडकीतलं ऊन थेट काचेवर येणार नाही.

टँक भरला. आजच मासे सोडायचे का?

सगळ्यांत जास्त मासे मरतात ते इथेच, आणि मालकाला शेवटपर्यंत कारण कळत नाही.

माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. अमोनियाने कल्ले जळतात. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असतं, आणि अमोनिया खाणारे जिवाणूही भरपूर असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं. ते आपण पाणी बदलून काढतो, आणि वनस्पती असतील तर त्याही शोषून घेतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जवळजवळ नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते पाण्याच्या वर तोंड काढायला लागतात आणि आपण म्हणतो, "पाणी मानवलं नाही."

यावरचा उपाय कोणत्याही मराठी घरात कळेल असा आहे: विरजण लावा. ज्यांचा टँक वर्ष-दोन वर्षं नीट चालू आहे आणि ज्यात आजार नाही, त्यांच्याकडून वापरातल्या स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी आणा. त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून, ओली आणा. ती आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल, आणि टेस्ट किटने मोजत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसायला लागलं की दही लागलं. मग मासे आणा, तेही एकदम सगळे नकोत. पहिल्या खेपेला चार-पाच पुरेत. विरजण नाही मिळालं तर वेळ जास्त लागेल, इतकंच.

नळाचं पाणी चालतं का? बोअरचं? आरओचं?

नळाचं चालतं, पण थेट नाही. पाणी निर्धोक करण्यासाठी त्यात क्लोरिन असतं. ते आपल्याला सोसतं, माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही, आणि आपण महिनाभर वाढवलेले जिवाणूही त्याने मरतात. दुकानात अँटी-क्लोरिनचे थेंब मिळतात, ते बादलीत मिसळून मगच पाणी टाका. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून वर एअर स्टोन (एअर पंपाची हवा बुडबुड्यांतून सोडणारा दगड) सोडला तरी साधं क्लोरिन उडून जातं. पावसाळ्यात मूळ पाणी गढूळ झालं की नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास जास्त येतो. तेव्हा एका वेळी कमी पाणी बदला आणि थेंबांची मात्रा बाटलीवर दिल्याप्रमाणे, अंदाजाने नाही.

बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. गप्पी, मोली, प्लॅटी यांना ते मानवतं, निऑन टेट्राला नाही. शिवाय जमिनीतून आलेल्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून रात्रभर एअर पंप लावून मग वापरा. निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ते "शुद्ध" म्हणून टँकभर ओतू नका.

पाणी किती दिवसांनी पूर्ण बदलायचं?

पूर्ण कधीच नाही. आठवड्याला पंचवीस टक्के, म्हणजे दोन फुटी टँकमधून साधारण बारा लिटरची एक बादली. सायफनच्या नळीने खडीतली घाण ओढून घ्या. नळी तोंडाने ओढू नका आणि हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका. माशांच्या पाण्यातल्या एका प्रकारच्या जिवाणूने त्वचेला चिवट गाठी येतात.

माझा पहिला टँक मी दर रविवारी रिकामा करायचो. मासे पातेल्यात, खडी नळाखाली खळखळून धुतलेली, स्पंज साबणाने पांढराशुभ्र. संध्याकाळी टँक आरशासारखा चमकायचा आणि बुधवारपर्यंत एक-दोन मासे तरंगायचे. मी नवे आणायचो. सहा महिन्यांत किती मेले ते आता आठवलं तरी वाईट वाटतं. त्यांना मी माझ्या स्वच्छतेने मारलं.

स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीनदा पिळून. बादलीतलं पाणी चहासारखं तपकिरी होतं. त्याला वास मातीचा यायला हवा, वळवाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर खडीखाली कुठेतरी कुजतंय असं समजा. स्पंज तपकिरीच राहू द्या. ते तपकिरी पाणी जास्वंदीला किंवा तुळशीला घाला, त्याच्यासारखं खत नाही. पाण्यात मीठ किंवा औषध घातलेलं असेल तर मात्र झाडांना नको.

दोन फुटी टँकमध्ये कोणते मासे, किती?

माझं मत विचाराल तर कोल्हापुरात नवख्याने झेब्रा डॅनिओने सुरुवात करावी. तो आपल्याच देशातला मासा आहे, काटक आहे आणि थंडीत हीटरशिवायही तग धरतो. अंगावर निळे पट्टे आहेत आणि दिवसभर त्याची पळापळ चालू असते. पण तो झुंडीने राहणारा आहे. दोन आणले तर एक दुसऱ्याला छळतो, आठ आणले तर सगळे आपापसात रमतात. "प्रत्येक प्रकारची एक-एक जोडी" ही आपली लग्नाच्या रुखवतासारखी निवड माशांसाठी वाईट आहे. टेट्रा, डॅनिओ, बार्ब, कोरी हे सगळे सहा-आठच्या खाली एकटे पडतात, घाबरतात आणि लपून बसतात.

आठ डॅनिओ पुरेसे आहेत. किंवा आठ-दहा नर गप्पी. टँक रिकामा वाटतोय म्हणून अजून आणायचा मोह होईल. त्या जागी वनस्पती लावा. व्हॅलिसनेरिया, जावा फर्न, अनुबियास यांना फारसं काही लागत नाही.

दुकानात दोन इंचाचा दिसला म्हणून आणला. तो किती मोठा होईल?

हा प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारायचा. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर दीड फुटापर्यंत वाढतो. "शार्क" म्हणून विकला जाणारा चंदेरी मासा शार्क नसून पंगेशियस आहे. तो मेकाँगसारख्या महानद्यांतला आहे आणि मीटरभराच्या पुढे जातो. ऑस्कर फूटभर होतो. रेडटेल कॅटफिश तर माणसाच्या कमरेपर्यंत येईल इतका. "टँकच्या मापाप्रमाणे मासा वाढतो" हे खरं नाही. लहान टँकमध्ये तो खुरटतो, पाठीतून वाकतो आणि लवकर मरतो.

आरवाना वास्तूसाठी घेतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी माझा वाद नाही, पण सिल्व्हर आरवाना अडीच-तीन फुटांचा होतो. अ‍ॅमेझॉनच्या पुरात तो पाण्यावर झुकलेल्या फांदीवरचा किडा उडी मारून पकडतो. त्याला तीन फुटी काचेत वळताही येत नाही. तो झाकणावर डोकं आपटत राहतो. असल्या घरात कोणती भरभराट येणार? लाल-सोनेरी आशियाई आरवाना तर साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे कडक संरक्षण असलेल्या प्रजातींत. कागदपत्रांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

मुलीला वाढदिवसाला गोल्डफिशचा बाऊल मिळालाय. ठेवू का?

मासा ठेवा, बाऊल नको. गोल्डफिश उष्णकटिबंधातला नाही, तो थंड पाण्याचा मासा आहे. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, सहा-आठ इंच होतो आणि घाण भरपूर करतो. त्याला मोठा टँक आणि जोरकस फिल्टर लागतो, आणि तो गप्पी-टेट्रांसोबत ठेवायचा नसतो. जमणार नसेल तर ज्यांच्याकडे मोठा टँक आहे त्यांना द्या आणि मुलीला महिन्यातून एकदा बघायला न्या. आणि कृपा करून रिटर्न गिफ्ट म्हणून जिवंत मासे वाटू नका.

फायटर (बेट्टा) माशाचंही तसंच. तो वरून हवा घेऊ शकतो, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळं इंद्रिय असतं. म्हणून तो बरणीत लगेच मरत नाही. मरत नाही म्हणजे जगतो असं नव्हे. एका नराला पंधरा-वीस लिटर पाणी, झाकण, एक-दोन झाडं आणि संथ फिल्टर द्या. आठवड्यात त्याचा रंग उजळलेला दिसेल.

गुलाबी, जांभळे, हिरवे टेट्रा मिळतात. ते कुठले?

कुठलेच नाहीत. बरेचदा पांढरट माशांना रसायनात बुडवून किंवा सुईने कातडीखाली रंग टोचून ते केलेले असतात. आपल्याकडच्या नद्यांतल्या पारदर्शक काचमाशावरही हाच प्रकार होतो. काही महिन्यांत रंग उतरतो, तोवर मासा जगला तर. अशी मागणी आपण बंद केली तरच तो उद्योग थांबेल. दुकानदाराला तसं तोंडावर सांगा. मी सांगतो, आणि दोघांनी आणणं बंद केलंय.

इथे हीटर लागतो का?

डिसेंबर-जानेवारीत लागतो. रात्री पारा पंधरा अंशांच्या आसपास येतो आणि बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना २४ ते २८ अंश हवे असतात. लिटरला एक वॉट हा साधा हिशेब, म्हणजे ५० लिटरला ५० वॉट. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा. टँकमध्ये हात घालायच्या आधी सगळे स्विच बंद. पाणी उपसायच्या पंधरा मिनिटं आधी हीटर बंद, नाहीतर उघडी पडलेली गरम काच फुटते. प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही.

एप्रिल-मेमध्ये उलटी चिंता. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. झाकण उघडून वर जाळी टाका, लहान पंखा पाण्यावर सोडा, दिवा कमी वेळ लावा. बर्फ टाकू नका.

लाइट गेली तर? पूर आला तर?

दोन-चार तासांनी काही होत नाही, मासे कमी असतील तर. म्हणूनच कमी ठेवा म्हणतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. तो फार महाग नसतो.

२०१९च्या ऑगस्टातला महापूर आपण कोणीच विसरलेलो नाही. आमच्या भागात पाणी घरात शिरलं नाही, पण लाइट गेली आणि नळही बंद झाले. साठवलेलं पाणी माणसांना. टँकला आठवडाभर एक थेंब नवा मिळाला नाही. बॅटरीचे सेल दुसऱ्या रात्री संपले. मग दर दोन तासांनी तांब्याने टँकमधलंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतायचो, पाच मिनिटं, हात भरून येईपर्यंत. खाद्य पूर्ण बंद. दोन मोठे एंजल गेले. डॅनिओ सगळे राहिले. जुलै २०२१ला मी तयार होतो: पाऊस वाढायला लागला तेव्हाच पाणी बदलून घेतलं, सेलची दोन पाकिटं आणली आणि दोन ड्रम भरून ठेवले.

बंद डब्याचा फिल्टर असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो कित्येक तास बंद राहिला की आतले जिवाणू प्राणवायूविना मरून कुजतात. लाइट आल्यावर तो तसाच चालू केला तर सगळी घाण टँकमध्ये येते. आधी उघडा, टँकच्या पाण्यात स्पंज पिळा, मग लावा. लाइट लवकर येणार नसेल तर स्पंज काढून टँकमध्येच सोडा.

किती खायला घालू? गावाला जाताना काय करू?

दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं असं धरून चाला. आठवड्यातून एक दिवस उपास घडू द्या. जोतिबाला किंवा गावी तीन-चार दिवस जाणार असाल तर काहीही करू नका. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजारच्या काकूंना डबा देऊन जाणं जास्त धोक्याचं. त्या मायेपोटी मूठभर टाकतात. द्यायचंच असेल तर एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या.

अंगावर पांढरे ठिपके आलेत.

रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसत असतील आणि मासा दगडाला अंग घासत असेल, तर तो इक नावाचा परजीवी आहे. ठिपक्यात असताना त्याच्यावर औषध चालत नाही. तो सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. म्हणून एक मासा वेगळा काढून उपयोग नाही, सगळ्या टँकला औषध द्यावं लागतं आणि ठिपके गेल्यावरही काही दिवस चालू ठेवावं लागतं. तापमान हळूहळू २८-३० अंशांवर नेलं की त्याचं चक्र लवकर फिरतं. त्या काळात हवा वाढवा. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो.

नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवला असता तर बहुधा ही वेळ आली नसती. दुकानातल्या पिशवीतलं पाणी कधीही आपल्या टँकमध्ये ओतू नका.

मच्छरांचा स्प्रे मारला आणि सकाळी सगळे मेले. संबंध आहे का?

आहे. मच्छर मारणारी बरीच औषधं माशांना अत्यंत विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. टँकच्या खोलीत स्प्रे, कॉइल, लिक्विड काही नको, जाळी लावा. पेस्ट कंट्रोल असेल तर पंप बंद करून टँक ओल्या चादरीने पूर्ण झाका आणि खोली हवेशीर झाल्यावरच उघडा.

शेवाळ फार येतंय.

दिवा सहा ते आठ तासांवर आणा, खाद्य कमी करा, झाडं वाढवा. त्यासाठी सकर आणू नका.

मासे खूप झालेत, किंवा मोठे झालेत. रंकाळ्यात सोडले तर निदान जगतील ना?

नाही. हात जोडून सांगतो, सोडू नका. रंकाळ्यात नको, कळंब्यात नको, पंचगंगेत नको, विहिरीतसुद्धा नको.

यातले बरेच मासे काही दिवसांत मरतात. जे जगतात त्यांचा त्रास मोठा. सकर दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असल्यामुळे त्याला खाणारं इथे फारसं कोणी नाही. काठाच्या मातीत बिळं करून तो अंडी घालतो, काठ ढासळतात. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. हे सगळे सकर कोणाच्या तरी टँकमधून किंवा मत्स्यकेंद्रातून सुटलेल्यांचेच वंशज आहेत. थाई मागूर हा मूळचा आफ्रिकेतला मांजरमासा इतका खादाड आहे की देशात त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे.

ज्याला शंका वाटते त्याने केंदाळाकडे, म्हणजे जलपर्णीकडे बघावं. उन्हाळ्यात पंचगंगेवर त्याचा गालिचा पसरतो, रंकाळ्यातून ते काढता काढता किती वर्षं गेली. तेही मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याची जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून लोकांनी जगभर हौसेने नेलं. म्हणून टँकमधल्या वनस्पतीही गटारीत किंवा नाल्यात टाकू नका. उन्हात कडक वाळवा, मग कचऱ्यात. कासवाचंही तेच, आणि गोगलगाईंचंही.

मग करायचं काय? दुकानदाराला विचारा, बरेच जण परत घेतात, पैसे देत नाहीत इतकंच. ओळखीतल्या हौशी माणसाला द्या. सोबत टँकच फुकट द्या, माणसं मिळतात. गप्पींचा प्रश्न आधीच टाळा: फक्त नर ठेवा. मादी दर महिन्याला वीस-तीस पिल्लं देते, आणि एकदा नराचा संग झाला की पुढे काही महिने नर नसतानाही देत राहते.

मासा वाचणार नाही हे दिसतंय. काय करू?

संडासात टाकून पाणी सोडू नका, आणि फ्रीजरमध्येही नको, त्याने तो हळूहळू मरतो. लवंगाचं तेल आणा. एका भांड्यात टँकचंच लिटरभर पाणी घेऊन मासा त्यात ठेवा. चार-पाच थेंब तेल बाटलीत थोड्या कोमट पाण्याबरोबर जोरात हलवून हळूहळू ओता. काही मिनिटांत तो गुंगीत आडवा होतो. मग आणखी दहा-पंधरा थेंब तसेच. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या. मुलं विचारतील तर त्यांना खरं सांगा. नंतर कुंडीत खोल पुरा, मांजर उकरणार नाही इतकं.

त्याच दिवशी पाणी तपासा. अमोनिया, नायट्राइट, तापमान आकड्यांत लिहून ठेवा, आणि कारण सापडेपर्यंत दुकानाकडे फिरकू नका.